एम-सील, अराल्डाइटचा जोड ऐन पावसात का सुटतो?



मोटारपंपाच्या केसिंगला चीर गेली किंवा लोखंडी पाइप पाझरायला लागला की आपण एम-सील नाहीतर अराल्डाइट आणून लावतो. काही दिवस काम निभते. मग ऐन रोवणीत तोच तुकडा पापुद्र्यासारखा निघून हातात येतो, बांधीत पाणी नाही आणि आपण दुकानदाराला बोल लावतो. बहुतेक वेळा माल नकली नसतो. ओल नडलेली असते.

ही दोन्ही एपॉक्सीच. राळ आणि हार्डनर एकत्र मळले की माल दगडासारखा कडक होतो. पण हा दगड पाणी पितो. सतत ओलीत राहिला तर हळूहळू वजनाच्या एक-दोन टक्के, कधी त्याहून जास्त पाणी आत मुरते. खरेदी केंद्रावर धानाला १७ टक्के ओलावा चालतो, एपॉक्सीला दोन टक्केही भारी पडतात. तो नरम पडतो, फुगतो, ताण आला की हळूहळू सरकतो. घरी लावायचा एपॉक्सी तसाही ५०-६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतो. पाणी मुरलं की ही हद्द आणखी खाली येते. म्हणून उघडीप पडून लोखंड उन्हात तापलं की ओला जोड लवकर दगा देतो.

खरं नुकसान मात्र कडेला होतं. पाणी कडेने शिरून लोखंड आणि एपॉक्सीच्या मधे बसते, खाली गंज धरतो. नरम पडलेला एपॉक्सी वाळल्यावर बराचसा ताठ होतो, पण सुटलेली पकड परत येत नाही.

हे विमानालाही चुकलं नाही. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चा छताकडचा पत्रा सुमारे २४,००० फुटांवर उडून गेला आणि एका हवाईसुंदरीचा जीव गेला. त्या पत्र्यांचे जोड एपॉक्सी आणि रिव्हेटचे होते. एपॉक्सीची पट्टी थंडीत ठेवायची, बाहेर काढली की तिच्यावर दव धरायचं, त्यामुळे जोड कच्चे राहत. पुढे समुद्राची ओल शिरली, गंज चढला, सगळा भार रिव्हेटवर आला आणि चिरा पडल्या.

म्हणून चिकटवायचं काम मृगाच्या आधी, कोरड्या दिवशी उरका. पाऊस सुरू झाला असेल तर भाग खोलून घरात आणा आणि पुरता वाळवा. गंज आणि जुना रंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, ऑइल थिनरने पुसा, मग तिथे बोट लावू नका. दोन्ही भाग पाकिटावरच्या मापाने घ्या आणि एकच रंग येईपर्यंत मळा. हार्डनर कातडीला खाजवतो, हातमोजे घाला. मळताना हात ओला नको. शेवटी वरून गुळगुळीत करायला ओलं बोट चालते. पाकिटावर काही मिनिटांत घट्ट होतो असं असलं तरी पाणी दाखवायच्या आधी एक पूर्ण दिवस जाऊ द्या.

दमट हवेत कधी कधी वर मेणचट, चिकट थर येतो. त्यावर दुसरा हात धरत नाही. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, घासा, मगच लावा. ओल्या जागी लावायचा वेगळा एपॉक्सी मिळतो, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. साधा माल तिथे वापरू नका.

पाठीवरच्या फवारणी पंपाची टाकी मात्र अजिबात चिकटवू नका. ती बहुतेक पॉलिथिनची असते, तिला एपॉक्सी कोरड्यातही धरत नाही आणि औषध थेट तुमच्या पाठीवर गळते. टाकीच बदला. पीव्हीसी पाइपच्या जोडाला सॉल्व्हेंट सिमेंट वापरा. थ्रेशर, पॉवर टिलरच्या हादरे बसणाऱ्या भागाला वेल्डिंगवाल्याकडेच न्या.

चिकटवावं की बदलावं हे कळत नसेल तर फुटलेल्या जागेचा जवळून फोटो काढून याच नंबरवर पाठवा.