इन्शुलिनची टोचणी आणि त्वचेची निगा

इन्शुलिन हे मधुमेहावरील प्रभावी आणि अनेक रुग्णांच्या बाबतीत अपरिहार्य असे औषध होय. ते प्रथिन असल्याने तोंडावाटे घेतल्यास पाचक रसांमुळे त्याचे विघटन होते. म्हणून ते बहुधा त्वचेखालील मेदाच्या थरात टोचून द्यावे लागते. ज्यांच्या स्वादुपिंडात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही, अशा रुग्णांना दिवसातून तीन-चार वेळा, म्हणजे वर्षाकाठी हजाराहून अधिक वेळा सुई टोचून घ्यावी लागते. साहजिकच टोचण्याच्या जागेची निगा हा या उपचाराचा एक महत्त्वाचा भाग ठरतो. प्रत्यक्षात मात्र त्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते.

हा प्रश्न इन्शुलिनइतकाच जुना आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाचा अर्क प्रथम टोचण्यात आला. अर्क पुरेसा शुद्ध नसल्याने टोचल्या जागी गळू झाले आणि प्रकृतीतही विशेष सुधारणा झाली नाही. जेम्स कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून देण्यात आला, तेव्हा मात्र गुण आला. पुढे अनेक दशके गाई व डुकरे यांच्या स्वादुपिंडापासून इन्शुलिन मिळविले जात असे. १९८२ मध्ये जैवतंत्राने तयार केलेले मानवी इन्शुलिन वापरात आले.

मेदक्षय आणि मेदवृद्धी

जुन्या, कमी शुद्ध इन्शुलिनमुळे टोचल्या जागचा मेद नाहीसा होऊन तेथे खळगा पडत असे. यास मेदक्षय म्हणतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या जागी क्षोभ पावल्याने हे घडते. शुद्ध इन्शुलिनच्या प्रसारानंतर हा विकार विरळा झाला आहे.

आज अधिक आढळते ती मेदवृद्धी. मेद साठविण्यास उत्तेजन देणे हा इन्शुलिनचा एक गुणधर्मच आहे. एकाच जागी वारंवार टोचल्यास तेथील मेदपेशी फुगतात आणि मऊ, रबरासारखी किंवा घट्ट गाठ तयार होते. एकच सुई अनेकदा वापरल्यानेही हा धोका वाढतो. अशा गाठी डोळ्यांना दिसतीलच असे नाही. बोटांनी चाचपल्यावर त्या अधिक चांगल्या कळतात.

गाठीत दडलेला धोका

गाठीवर टोचल्यास वेदना कमी होते. त्यामुळे रुग्ण तीच जागा पुनःपुन्हा निवडतो आणि गाठ वाढत जाते. परंतु गाठीतून इन्शुलिन रक्तात अनियमितपणे, बहुधा मंद गतीने शोषले जाते. आहार व औषध यांत बदल नसतानाही रक्तातील साखर चढउतार करू लागते. ती आटोक्यात येत नाही म्हणून मात्रा वाढविली जाते. पुढे एखाद्या दिवशी तीच वाढीव मात्रा निरोगी जागी टोचली गेली, तर साखर एकाएकी घसरते. घाम सुटणे, हातपाय थरथरणे, भोवळ येणे व क्वचित शुद्ध हरपणे हे त्याचे परिणाम होत. शुद्धीवर असलेल्या रुग्णास अशा वेळी ताबडतोब साखर अथवा ग्लुकोज द्यावे. शुद्ध हरपल्यास तोंडावाटे काहीही न देता त्वरित रुग्णालयात न्यावे.

म्हणून गाठ आढळताच त्या जागी टोचणे थांबवावे. मात्र जागा बदलण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मात्रा किती कमी करावयाची हे तेच ठरवितात. या काळात रक्तातील साखर अधिक वेळा तपासणे आवश्यक असते. विश्रांती मिळाल्यास गाठ बहुधा काही महिन्यांत ओसरते.

खाज, लाली आणि रक्त साकळणे

काहींना टोचल्या जागी लाली, खाज किंवा सूज येते. इन्शुलिन, त्यातील परिरक्षक द्रव्ये किंवा जंतुनाशक द्रव यांपैकी कशाचीही ती प्रतिक्रिया असू शकते. बहुधा ती आपोआप शमते. परंतु अंगभर पित्त उठणे, श्वास लागणे किंवा चेहऱ्यावर सूज येणे ही धोक्याची लक्षणे असून तातडीने रुग्णालय गाठावे. बारीक रक्तवाहिनीस सुई लागल्यास त्वचा काळीनिळी पडते. त्याचा फारसा अपाय होत नाही. जागा गरम व दुखरी होऊन पू दिसू लागल्यास मात्र उपचार घ्यावेत.

घ्यावयाची दक्षता

पोट, मांडीची पुढील-बाहेरील बाजू, दंडाची मागील-बाहेरील बाजू आणि नितंबाचा वरचा बाहेरील भाग या जागा टोचण्यास योग्य होत. बेंबीभोवती दोन बोटे जागा सोडावी. पोटाचे मनाने चार भाग कल्पून दर आठवड्यास एक भाग वापरावा आणि प्रत्येक टोचणी आधीच्या जागेपासून निदान एक बोट, म्हणजे सुमारे १ सेंटिमीटर, दूर घ्यावी. हात व त्वचा स्वच्छ असावी. टोचल्यावर जागा चोळू वा शेकू नये; त्यामुळे इन्शुलिन अपेक्षेपेक्षा लवकर शोषले जाते.

दर वेळी नवी सुई वापरणे उत्तम. दुसऱ्याची सुई वा पेन कदापि वापरू नये. वापरलेल्या सुया जाड डब्यात साठवून आरोग्य केंद्राच्या सूचनेप्रमाणे त्यांची विल्हेवाट लावावी. भारतात मिलिलिटरमागे ४० व १०० एकक अशा दोन्ही प्रकारचे इन्शुलिन मिळते. बाटलीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा जुळतो याची खात्री करावी. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानात ठेवावे, परंतु गोठू देऊ नये. गोठलेले इन्शुलिन वापरू नये. थंड इन्शुलिन टोचताना अधिक दुखते. म्हणून ते खोलीच्या तपमानावर आल्यानंतर घ्यावे.

आठवड्यातून एकदा टोचण्याच्या जागा स्वतः चाचपून पाहाव्यात आणि तपासणीच्या वेळी त्या डॉक्टरांना वा परिचारिकेला अवश्य दाखवाव्यात. साखर आटोक्यात का येत नाही, याचे उत्तर पुष्कळदा औषधाच्या मात्रेत नसून टोचण्याच्या जागेत असते. मात्रा वाढविण्यापूर्वी ती जागा तपासली गेली, तर रुग्णाचा खर्च वाचेल आणि प्रसंगी त्याचे प्राणही वाचतील.