जामीन राहणारा भाऊ

‘स्पॉन्सर’ हा शब्द आपल्या घरांत आता इतका रुळला आहे की, त्याचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटत नाही. “दादानं आम्हांला स्पॉन्सर केलंय,” असे सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असते, आणि ऐकणारा त्याच्या कोथरूडच्या फ्लॅटचे पुढे काय होणार याचा मनातल्या मनात हिशेब करू लागतो. मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय. शब्द दिसला की त्याचे वजन करून पाहण्याची खोड त्यातूनच लागलेली. स्पॉन्सरला आपण ‘प्रायोजक’ म्हणतो. पण प्रायोजक म्हटला की क्रिकेटचा सामना नाहीतर नाट्यमहोत्सवाचा फलक डोळ्यांपुढे येतो. पैसे दिले, नाव झळकले, संबंध संपला! अमेरिकेतला दादा जो कागद भरतो, त्याला शोभणारा शब्द आपल्याकडे फार जुना आहे: जामीन. आणि जामीन राहण्यापूर्वी दहादा विचार करावा, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला लहानपणापासून बजावलेले आहे.

या कागदाचे नाव ‘ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट’, म्हणजे पोषणाची हमी. त्याचा क्रमांक आय-८६४. पूर्वीही असे हमीपत्र लिहून घेत, परंतु न्यायालयात ते टिकत नसे. १९९६ साली अमेरिकेने कायदा बदलला आणि १९ डिसेंबर १९९७ पासून या सहीला कराराचे बळ आले. आलेल्या आप्ताने गरजूंसाठीची ठरावीक सरकारी मदत घेतली, तर तो खर्च सरकार जामिनाकडून मागू शकते. इतकेच काय, आलेला आप्त स्वतःही पोषणासाठी जामिनावर दावा लावू शकतो!

अठरा-एकोणीस वर्षांनी येणारा कागद

भावाबहिणींसाठी अर्ज करायला दादा अमेरिकेचा नागरिक हवा आणि वयाने एकवीस पूर्ण. अर्ज करताना कोणी त्याचे उत्पन्न विचारत नाही. नाते सिद्ध झाले की पुरते. उत्पन्नाचा प्रश्न निघतो तो नंबर जवळ आल्यावर. या वर्गासाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० जागा, आणि त्यांतही प्रत्येक देशाला मर्यादा. त्यामुळे २०२५ साली ज्या भारतीयांचे नंबर लागत होते, त्यांचे अर्ज २००६ सालचे होते.

खरी मेख इथे आहे. अर्ज केला तेव्हा दादा पन्नाशीत, चांगल्या पगारावर. नंबर लागतो तेव्हा तो सत्तरीच्या घरात, पेन्शनवर. पगार थांबला, तरी अर्जदार म्हणून हमीपत्रावर सही त्यालाच करावी लागते.

आकड्यांची गोष्ट

अमेरिकन सरकार दरवर्षी दारिद्र्यरेषेचा तक्ता काढते. जामिनाचे उत्पन्न त्या रेषेच्या निदान १२५ टक्के हवे. मात्र कुटुंबातली डोकी मोजताना दादाच्या घरच्यांबरोबर येणाऱ्यांचीही भर पडते. समजा, न्यू जर्सीत दादा-वहिनी दोघेच. पुण्याहून निघाले धाकटा भाऊ, त्याची पत्नी आणि एकवीस वर्षांखालील दोन अविवाहित मुले. एकूण सहा. २०२५ च्या तक्त्यात सहा माणसांची रेषा ४३,१५० डॉलर. तिच्या १२५ टक्के म्हणजे सुमारे ५३,९३७ डॉलर. दादाचे पेन्शन वर्षाला ३८,००० असेल, तर १५,९३७ कमी पडले.

ही तूट तीन वाटांनी भरता येते. पहिली वाट वहिनींच्या उत्पन्नाची. ते धरायचे तर त्यांना आय-८६४ए या वेगळ्या करारावर सही करावी लागते आणि त्याही तितक्याच बांधल्या जातात. वहिनींना ‘इथं सही कर’ एवढेच सांगून भागू नये, ते यासाठी.

दुसरी वाट मालमत्तेची. भावाबहिणींच्या बाबतीत तुटीच्या पाचपट मालमत्ता दाखवावी लागते. वरच्या उदाहरणात ती होते ७९,६८५ डॉलर. यात जाणाऱ्या भावाची स्वतःची मालमत्ताही धरता येते. मात्र वर्षभरात तिचे रोख पैसे झाले पाहिजेत आणि ते देशाबाहेर नेता आले पाहिजेत. म्हणजे कोथरूडचा फ्लॅट इथे कामाला येतो! कर्ज वजा जाऊन उरलेली किंमत, मूल्यांकनाचा दाखला आणि मालकीचे कागद तयार हवेत. पैसे बाहेर नेण्याला रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची सवलत ठेवलेली आहे.

तिसरी वाट दुसऱ्या जामिनाची. तो नात्यातला नसला तरी चालतो. अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला, अठरा वर्षांवरील आणि तिथेच राहणारा असावा. पुष्कळांची समजूत अशी की, दादाचे थोडे आणि पुतण्याचे थोडे मिळवून आकडा गाठता येईल. वेगळ्या घरात राहणाऱ्या पुतण्याला असे चालत नाही. त्याला एकट्यालाच आकडा गाठावा लागतो. पुतण्या, त्याची बायको, एक मूल आणि येणारे चौघे अशी सात माणसे. त्यांना ६०,८१२ डॉलर लागतात.

सही सुटते केव्हा?

या कराराला ठरावीक मुदत नाही. आलेला माणूस नागरिक झाला, त्याच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या जमल्या, ग्रीन कार्ड सोडून तो कायमचा परतला किंवा दोघांपैकी कोणी निवर्तले, तरच ही जबाबदारी संपते. नवराबायकोच्या जामिनकीत घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही. मग भावाभावांत अबोला धरून ती कशी सुटावी?

म्हणून जाणाऱ्यांचेही काही कर्तव्य आहे. चाळीस तिमाह्या म्हणजे दहा वर्षांची नोकरी. पंचावन्नाव्या वर्षी तिथे उतरलेल्या माणसाला हे सोपे नाही. त्यापेक्षा जवळची वाट नागरिकत्वाची. त्यासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांनी अर्ज करता येतो. आपण जितक्या लवकर पायांवर उभे राहू किंवा नागरिक होऊ, तितक्या लवकर दादाची मान मोकळी होईल, हे मनाशी धरूनच विमानात बसावे.

आपल्या घरांत पैशांचे बोलणे नात्याला कमीपणा आणते असे मानतात. या प्रकरणात न बोलण्यानेच नाती अधिक दुखावतात. नंबर जवळ आला की, “सही केलीस का?” असा फोन दादाला करण्यापूर्वी एक वेगळा फोन करावा. उत्पन्न किती, तूट किती, आपला फ्लॅट कितीचा, पुतण्याकडे शब्द कोणी टाकायचा, हे सारे उघडपणे मांडावे. आणि पुतण्या “मला झेपणार नाही,” म्हणाला, तर त्याच्यावर रुसू नये. जामीन राहताना विचार करावा, हे त्याला आपल्याच घराने शिकवलेले आहे.