घर उंचावर, काम सखल भागात : जोखीम परतीच्या प्रवासात

लेह ते दिल्ली हा विमानप्रवास सव्वा ते दीड तासाचा आहे. या अवधीत प्रवासी सुमारे ३,५०० मीटर उंचीवरून जवळपास २०० मीटरवर येतो आणि काम आटोपल्यावर तेवढ्याच वेळात पुन्हा वर जातो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. लेह त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहे. लेहमध्ये राहून कार्यालयीन कामासाठी किंवा व्यापारासाठी दर आठवड्याला दिल्ली गाठणाऱ्यांचा साधारण समज असा असतो की, आपण तेथलेच रहिवासी असल्याने उंचीची बाधा आपल्याला होणार नाही. वैद्यकशास्त्र मात्र या समजाला पूर्ण दुजोरा देत नाही.

उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होत नाही. ते सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेह येथे तो समुद्रसपाटीच्या जवळपास ६५ टक्के असल्याने प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू घटतो. शरीर याची भरपाई टप्प्याटप्प्याने करते. श्वसन प्रथम वाढते. त्यामुळे रक्ताच्या आम्लतेत पडलेला फरक मूत्रपिंडे काही दिवसांत सावरतात. रक्तातील द्रवभाग घटून रक्त दाट होते. तांबड्या पेशी वाढविण्याचा संदेश काही तासांतच सुटतो, परंतु त्या पुरेशा संख्येने तयार होण्यास आठवडे लागतात.

सखल भागात उतरताच हे चक्र उलटे फिरू लागते. रक्तातील द्रवभाग आणि श्वसनाची गती काही दिवसांतच पूर्ववत होऊ लागते. तांबड्या पेशी त्यामानाने सावकाश कमी होतात. म्हणूनच दिल्लीत किती दिवस मुक्काम झाला, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दोन-तीन दिवसांत परतणाऱ्याने कमावलेली सवय बव्हंशी टिकून असते. दोन-तीन आठवड्यांनी परतणाऱ्याची स्थिती मात्र नवख्या पर्यटकाच्या जवळ जाते.

परतल्यानंतरचा सर्वांत गंभीर धोका फुप्फुसांत द्रव साचण्याचा. प्राणवायू कमी पडताच फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हे आकुंचन सर्वत्र सारखे नसल्याने काही भागांवर दाब वाढतो आणि द्रव झिरपू लागतो. पेरू देशातील संशोधक अल्बेर्तो उर्तादो यांनी १९३७ मध्ये वर्णन केलेला रुग्ण हा अँडीज पर्वतातील रहिवासीच होता व सखल भागातून घरी परतल्यावर तो आजारी पडला होता. भारतात १९६२ च्या युद्धाच्या सुमारास जवानांना अल्पावधीत अतिउंच भागात न्यावे लागले आणि त्या दशकात भारतीय सैन्यातील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेले निबंध या विषयात आजही आधारभूत मानले जातात. रजेवरून परतणाऱ्या जवानालाही पुन्हा काही दिवस हवामानाशी जुळवून घ्यावे लागते आणि तो किती काळ खाली होता यावर हे दिवस ठरतात. नागरी प्रवाशावर असे बंधन नसते. त्याची बैठक बहुधा विमान उतरल्यावर दोन तासांनीच ठेवलेली असते!

या विमानप्रवासातील एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. विमानाच्या आतील हवेचा दाब साधारणपणे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका राखला जातो. म्हणजे हिमशिखरांवरून उडणाऱ्या विमानातील हवा लेहच्या हवेपेक्षा दाट असते. ३,२५६ मीटर उंचीवरील लेह विमानतळावर उतरताना बाहेरील दाबाशी मेळ साधण्यासाठी आतील दाब कमी करावा लागतो. विमान खाली येत असते, पण प्रवाशाचे शरीर वर चढत असते.

पिढ्यान्‌पिढ्या उंचावर राहणाऱ्यांची गोष्ट काहीशी वेगळी आहे. तिबेटी लोकांत ‘ईपीएएस-१’ या जनुकाचे विशिष्ट रूप आढळत असल्याचे २०१० मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे त्यांचे रक्त उंचावरही अवाजवी दाट होत नाही. मात्र बदली किंवा व्यवसायानिमित्त लेहला स्थायिक झालेल्याला हा वारसा लाभलेला नसतो.

चिलीमध्ये हाच प्रश्न उलट्या दिशेने उभा आहे. तेथील अनेक खाणकामगारांची घरे सखल भागात असतात आणि कामाची पाळी उंच पर्वतांत. तेथील ‘आल्मा’ दुर्बीण सुमारे ५,००० मीटर उंचीवर आहे. कर्मचाऱ्यांचा निवास मात्र सुमारे २,९०० मीटरवर ठेवला आहे. खोलीतील प्राणवायूचे प्रमाण एका टक्क्याने वाढविल्यास उंची सुमारे ३०० मीटरने घटल्यासारखा परिणाम होतो, हे तत्त्वही तेथे उपयोगात आणले गेले आहे.

लेहच्या प्रवाशासाठी उपाय साधे आहेत. परतीचा दिवस व पुढची रात्र शक्य तितकी विश्रांतीची ठेवावी. मद्य व झोपेची औषधे टाळावीत. प्रतिबंधक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात. स्वस्थ बसूनही धाप लागणे, थांबत नसलेला खोकला, फेसाळ कफ ही लक्षणे दिसल्यास सर्दी समजून सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्राणवायू देणे आणि आवश्यक तर त्वरित खाली नेणे हाच मुख्य उपचार आहे.

हिवाळ्यात दिल्लीतील धुके व लेहमधील हवामान यांमुळे उड्डाणे रद्द होतात आणि तीन दिवसांचा मुक्काम कधी कधी दहा-बारा दिवसांवर जातो. अशा वेळी नेहमीचा हिशेब बाजूला ठेवून, लेहला प्रथमच येणाऱ्या पाहुण्याप्रमाणे पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घेणे इष्ट.