मुक्काम टेम्पोत, मग विमा कसा?

आठवडी बाजार करणारे आपले अनेक बांधव महिन्यातले कित्येक दिवस टेम्पोतच काढतात. माल, अंथरूण, स्टोव्ह सारे त्यातच. अशा बांधवांना आमचे सांगणे एवढेच, की हप्ता वाचवण्यासाठी गाडीचा खरा वापर लपवू नका. खासगी नोंदणीच्या गाडीतून धंदा केल्यास अपघातानंतर कंपनी भरपाई नाकारू शकते. गाडीत मुक्काम असतो, स्टोव्ह पेटतो, हेही आधीच लेखी कळवावे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवते; तिथे घासाघीस चालत नाही. बचत होते ती आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. त्यासाठी तीन-चार कंपन्यांचे दर विचारावेत. वर्षभर दावा केला नाही तर या भागाच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, सलग पाच वर्षांनी ५० टक्के. मुदत संपून ९० दिवस उलटले, की ही सूट बुडते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा विमा गाडीचा असतो, आतल्या मालाचा नव्हे. मालाचा विमा वेगळा उतरवावा.