जायफळ, निखारा आणि खरवस

तालुका केळापूर आणि तहसील कचेरी पांढरकवड्याला. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगण्यात आमचा निम्मा जन्म जातो. उरलेला निम्मा चहात. पाहुण्यानं चप्पल काढायच्या आत घरातून ‘चहा मांडते’ असा आवाज येतो. कॉफीचं तसं नाही. ती मांडायला कारण लागतं: एकादशी, दहावीचा पेपर, सर्दी, नाहीतर पुण्याहून आलेला जावई.

माझ्या आत्याकडे कॉफीची बाटली मुलांच्या हाताला लागू नये म्हणून वरच्या फळीवर असे. दूध चांगलं आटलं की साखर, कॉफीची पूड, वेलदोडा. आणि मग सहाण. देवाच्या चंदनाची नव्हे, बाळाच्या गुटीची. तिच्यावर दुधाचे चार थेंब टाकून जायफळाचे मोजून दोन वळसे. ‘तिसरा वळसा देल्ला का पाहुणा इथंच झोपते,’ असं आत्या म्हणे. झोप उडवणारी कॉफी आणि झोप आणणारं जायफळ एकाच कपात का, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

शहरातले कॉफीचे जाणकार या जायफळावर नाक मुरडतात. खरी कॉफी काळी, बिनसाखरेची, असं त्यांचं मत. मला ते पटत नाही. कॉफी ज्या ज्या परक्या घरात शिरली, तिथल्या फडताळातलं काहीतरी तिनं अंगावर घेतलंच. आपल्याकडे ती पेय म्हणून आलीच नाही, पक्वान्न म्हणून आली. बासुंदीत, श्रीखंडात, पुरणात जे जायफळ पडतं तेच तिच्यातही पडलं. कोजागरीच्या मसाला दुधाची ती धाकटी बहीण आहे, आणि धाकटीला थोरलीचे कपडे घालावेच लागतात.

जाणकारांनी एकदा कॉफीच्या माहेरी, इथिओपियाला जाऊन यावं. तिथे पाहुणा बसला की त्याच्यासमोरच हिरव्या बिया धुऊन तव्यावर भाजायला घेतात. धूर निघू लागला की तवा सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवतात. मग खलबत्त्यात कुटायचं आणि ‘जबेना’ नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळायचं. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना आणि बरका. तिसरीच्या नावात आशीर्वाद आहे, म्हणून ती न घेता उठणं बरं दिसत नाही. सोबत खायला पुष्कळदा मक्याच्या लाह्या असतात. काही भागांत साखरेच्या जागी मीठ घालतात, कुठे लोणीही. माहेरीच हे चालत असेल तर सासरच्या जायफळाला कोण नावं ठेवणार?

समुद्र ओलांडून येमेनला गेलं की वेगळीच कथा. मोखा बंदरातून कॉफीच्या बिया जगभर गेल्या. त्यातल्याच सात बिया बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, असं सांगतात. बिया विकून खुद्द येमेनात मागे उरायची वाळलेली टरफलं. ती आलं घालून उकळतात. त्या पेयाला ‘किश्र’ म्हणतात. केळापूरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. कापूस जिनिंगला घालायचा आणि पऱ्हाट्या चुलीत, हे आमचंही किश्रच.

जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात रात्रीच्या गाड्यांवर कॉफीच्या ग्लासात धगधगता निखारा टाकून देतात. निखारा विझताना ‘जोस’ असा आवाज होतो, म्हणून तिचं नाव कोपी जोस. आपण वरणाला, भरताला कोळशाचा धूर देतो, पण निखारा वाटीतच टाकायची हिंमत आपल्याला झाली नाही. सेनेगलमध्ये बियांबरोबर एक रानमिरी भाजतात. ती कॉफी अमादू बांबा या सूफी संताच्या तूबा शहराच्या नावानं ओळखली जाते. हनोईत १९४६ साली, दुधाची टंचाई होती तेव्हा, न्गुयेन व्हान ज्यांग या हॉटेलातल्या माणसानं अंड्याचा बलक साखरेबरोबर फेसून कॉफीवर ओतला. दूध पुढे मुबलक झालं, पण अंडं राहिलंच. उदमांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांच्या महागड्या कॉफीबद्दल मी लिहिणार नाही. पिंजऱ्यात कोंडलेल्या जनावराचे हाल ही काही पाककृती नव्हे.

अंड्याचा दुसरा उपयोग जास्त हुशारीचा. अमेरिकेच्या मिनेसोटा भागात स्थायिक झालेले स्कँडिनेव्हियन लोक चर्चच्या जेवणावळीत कॉफीच्या भरडीत अख्खं अंडं, कवचासकट, कालवतात आणि तो गोळा उकळत्या पाण्यात सोडतात. अंडं शिजताना बारीक गाळ आणि कडवटपणा धरून ठेवतं. वर तांबूस, नितळ कॉफी. आपण गढूळ पाण्याच्या माठाला आतून निवळीचं बी घासतो, तोच प्रकार.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती फिनलंड आणि स्वीडनच्या उत्तर टोकाची कॉफी. तिथे कपाच्या तळाशी चीजचे चौकोनी तुकडे ठेवून वरून गरम कॉफी ओततात. तुकडे विरघळत नाहीत. मऊ होतात आणि दाताखाली कुचकुचतात. कॉफी पिऊन झाली की चमच्यानं खायचे. हे चीज विस्तवासमोर भाजलेलं, चपटं, काळ्या डागांचं. आणि मूळचं करायचे ते नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकाच्या दुधाचं. म्हणजे बर्फातली माणसं कॉफीत खरवस बुडवून खात आली आहेत! कुणाच्या गोठ्यात गाय व्याली की हे मला करून पाहायचंय.

आमच्या गावाजवळून ४४ नंबरचा महामार्ग जातो, तो थेट कन्याकुमारीला. त्यामुळे दक्षिणेची कॉफी आम्हाला घरबसल्या दिसते. एकदा एका ढाब्याच्या आडोशाला नामक्कलचा ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत स्टोव्ह लावून बसला होता. स्टीलचं दुमजली भांडं. वरच्याच्या तळाला बारीक भोकं. त्यात चिकोरी मिसळलेली पूड दाबून तो उकळतं पाणी ओतत होता. खाली थेंब थेंब गळायला वीस मिनिटं लागली, तेवढ्यात त्यानं टायर तपासून घेतले. मग दूध, साखर आणि हातभर उंचीवरून धार. मी खुणेनं जायफळाचं विचारलं, तर त्यानं गळ्याला हात लावून खोकून दाखवलं: ‘आजारी आहेस का?’ व्यंकोजीराजांबरोबर तंजावरला गेलेल्या मराठी घरांतही आज हीच गाळलेली कॉफी पितात. बोली मराठी, कॉफी तमिळ.

आपल्या विदर्भातही कॉफी पिकते. अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या थंड हवेत, इंग्रजांच्या काळापासून तिची झुडपं आहेत. पण माझा जीव अडकलाय तो बांधावरच्या तरोट्यात. पावसाळ्यात ज्याची भाजी खातो, त्याचीच बी भाजून कॉफीसारखी वापरता येते. जपान-कोरियात या जातीच्या बियांचा काढा नेहमी पितात. मागच्या हिवाळ्यात मी वाटीभर बी कढईत भाजली. तडतड थांबली आणि असा वास सुटला की शेजारून विचारणा झाली, ‘कॉफी आनली का जी?’ चव मात्र करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची. त्यात कॅफिन नसतं, तेव्हा तरतरी वगैरे काही येत नाही. आणि बी गोळा करताना शेजारी उगवणारा कासविंदा त्यात येऊ देऊ नका. त्याचं बी विषारी आहे.

दुधात आटवून, जायफळाचे दोन वळसे देऊन तो तरोटा मी आत्यापुढे ठेवला. तिनं कप हातात घेतला, वास घेतला आणि विचारलं, ‘उपासाले चालते का?’ मला सांगता आलं नाही. वाचकांपैकी कुणाच्या आजीला ठाऊक असेल, तर कार्तिकी एकादशीच्या आत कृपया कळवावं.