घर आपले, पासपोर्ट परका

चातुर्मास जवळ आला, की जोगेश्वरीतील अनेक घरांत परदेशस्थ नातलगांच्या आगमनाची तयारी सुरू होते. कोणाची आत्या लेस्टरहून येते, कोणाचे काका अँटवर्पच्या हिरेबाजारातून, तर कोणाची मुलगी-जावई न्यू जर्सीहून. पर्युषण होते, दिवाळी सरते. मग माघातील लग्न उरकूनच जाण्याचा आग्रह धरला जातो. आग्रह प्रेमाचा असतो, पण हिशेब दिवसांचा असतो. १ जुलैला विमानतळावर उतरलेल्या पाहुण्याचे १८० दिवस २७ डिसेंबरला भरतात. माघ त्यानंतर येतो.

घरातील माणसाला ‘परदेशी’ म्हणणे जिवावर येते. तथापि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ९ स्पष्ट आहे. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेताच भारताचे नागरिकत्व संपते. जन्म येथील प्रसूतिगृहात झालेला असो, वा वडिलोपार्जित पेढीवर अजून नाव असो. कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती पाहुणीच.

सर्वाधिक घोटाळा होतो तो ‘वैधता’ आणि ‘मुक्काम’ या दोन शब्दांत. पाच वर्षांचा पर्यटन व्हिसा म्हणजे पाच वर्षे राहण्याची परवानगी नव्हे. त्या काळात पुन्हा पुन्हा येता येते. परंतु एका खेपेस किती दिवस राहावयाचे, याची मर्यादा वेगळी असते. ती व्हिसाच्या कागदावर छापलेली असते आणि पासपोर्ट कोणत्या देशाचा, यावरही अवलंबून असते. शिवाय ई-पर्यटन व्हिसाची मुदत सहसा वाढवून मिळत नाही. वर्षीतपाचा संकल्प करून येणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. सुमारे तेरा महिन्यांचे हे तप अक्षय्य तृतीयेच्या पारण्यापर्यंत येथे राहून पूर्ण करणे पर्यटन व्हिसावर शक्य नाही. व्याख्यान ऐकण्यास, देवदर्शनास या व्हिसावर आडकाठी नाही. धर्मोपदेश करण्यास मात्र आहे.

नियम यजमानालाही बांधतात. परदेशी पाहुणा उतरला, की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. हॉटेलाप्रमाणेच धर्मशाळा आणि खासगी घरही या नियमाखाली येते. फॉर्म सी या नावाने परिचित असलेली ही नोंद पुढे पत्त्याचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडते. जोगेश्वरीत याला आणखी एक पदर आहे. इमारत पुनर्विकासास गेलेली असते, कुटुंब भाड्याच्या सदनिकेत असते आणि कागदांवर मात्र जुनाच पत्ता चालू असतो. पाहुणा प्रत्यक्ष जेथे राहतो, तोच पत्ता नोंदवावा, बदलल्यास कळवावा.

दीर्घ मुदतीच्या व्हिसावर नोंदणीची अट असल्यास आगमनापासून १४ दिवसांत ती पुरी करावी लागते. ‘प्रत्येक मुक्काम १८० दिवसांच्या आत’ अशी अट असेल आणि अधिक राहणे अपरिहार्य झाले, तर मुदत उलटण्यापूर्वी अर्ज करावा. २०१८ पासून ई-एफआरआरओ संकेतस्थळावर बहुतेक कामे घरबसल्या होतात. बोलावणे आलेच, तर मुंबईचे कार्यालय सेंट झेवियर्स महाविद्यालयामागे आहे. जोगेश्वरीहून हार्बर मार्गाची गाडी थेट सीएसएमटीला नेते.

वारंवार येणाऱ्या भारतीय वंशाच्या नातलगांसाठी २००५ पासून ओसीआय कार्डाची सोय आहे. त्यावर आजीवन येता-जाता येते आणि कितीही दिवस राहिले, तरी एफआरआरओकडे नोंदणी करावी लागत नाही. परदेशी सुनेला वा जावयाला मात्र नोंदणीकृत विवाहास दोन वर्षे झाल्यावरच अर्ज करता येतो. मुलांच्या वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट निघाला, की कार्डही एकदा नव्याने काढावे लागते. या कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, हेही व्यापारी कुटुंबांनी लक्षात ठेवावे.

१ सप्टेंबर २०२५ पासून जुन्या चार कायद्यांच्या जागी इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला आहे. मुदतीबाहेर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘आपलेच घर, कोण विचारतो?’ हा दिलासा विमानतळावरील खिडकीपाशी उपयोगी पडत नाही.

हुंडीची मुदत व्यापारी कधी विसरत नाही. आत्याच्या पासपोर्टवरील तारीखही त्याच काळजीने, ती येईल त्याच दिवशी, घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. म्हणजे निरोपाच्या वेळी डोळ्यांत पाणी येईल ते केवळ विरहाचे.