पॅकेजांचे स्वयंचलित अद्यतन व फाइल-परवाने

संगणकातील फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी व कोणी चालवावी हे ठरविणाऱ्या नोंदींना फाइल-परवाने म्हणतात. आज्ञावल्या बसविणे, त्यांच्या नव्या आवृत्त्या आणणे व नको असलेल्या काढून टाकणे ही कामे करणाऱ्या साधनास पॅकेज व्यवस्थापक म्हणतात. ‘एपीटी’, ‘पिप’ व ‘होमब्रू’ ही त्याची परिचित उदाहरणे होत. अद्यतनाचे काम ठराविक वेळी आपोआप होऊ लागले, म्हणजे परवान्यांतील दोष विशेष जाणवतात. कारण गुप्तशब्द टाकण्यास वा चुकीचा संदेश वाचण्यास त्या वेळी कोणीही समोर नसते.

परवान्यांची रचना : ही पद्धती युनिक्स प्रणालीतून आली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सचे काम सुरू केले. १९९१ मध्ये आलेल्या लिनक्सनेही हीच पद्धती स्वीकारली. प्रत्येक फाइलीला एक मालक व एक गट असतो. मालक, गट व इतर या तिघांसाठी वाचन (४), लेखन (२) व चालविणे (१) यांची बेरीज मांडतात. ७५५ याचा अर्थ मालकास सर्व अधिकार, इतरांस फक्त वाचण्याचा व चालविण्याचा अधिकार. फाइल काढून तिच्या जागी नवी ठेवण्याचा अधिकार मात्र त्या फाइलीवर नव्हे, तर ती ज्या निर्देशिकेत असते तिच्यावरील लेखनाधिकारावर अवलंबून असतो.

दोषांची कारणे : बहुतेक दोषांचे मूळ मालकीत असते. ‘एपीटी’ला सर्वाधिकारी ‘रूट’ वापरकर्त्याचे अधिकार लागतात. याउलट २००९ मध्ये निघालेले ‘होमब्रू’ साध्या वापरकर्त्याच्या मालकीच्या निर्देशिकेत काम करते. अशा निर्देशिकेत एकदा जरी ‘रूट’ने फाइली निर्माण केल्या, तरी पुढचे अद्यतन तेथे अडते. दुसरे कारण नव्या फाइलींचे परवाने मर्यादित करणारा ‘यूमास्क’ हे होय. अमरावती किंवा अकोला येथील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत व्यवस्थापकाने ‘यूमास्क’ ०७७ असताना ‘रूट’ म्हणून ‘पिप’ने एखादे पॅकेज बसविले, तर अद्यतन यशस्वी झाल्याची नोंद होते, परंतु सकाळी विद्यार्थ्यांना ते पॅकेज वाचताच येत नाही. तेथे ०२२ हे मूल्य योग्य ठरते.

दुरुस्ती : प्रथम ‘एलएस’ या आज्ञेने फाइलीचा व तिच्या निर्देशिकेचा मालक पाहावा. मालक चुकीचा असल्यास ‘सीएचओन’ आज्ञेने तेवढ्याच भागाची मालकी बदलावी. सर्वांना सर्व अधिकार देणारे ७७७ हे मूल्य लावण्याचा मोह टाळावा. संपूर्ण प्रणालीवर ते लावल्यास ‘सुडो’ ही आज्ञा चालत नाही आणि कोणाही वापरकर्त्यास प्रणालीच्या फाइली बदलता येतात. डेबियन प्रणालीत पॅकेजातील एखाद्या फाइलीचा परवाना हेतुपुरस्सर बदललेला असेल, तर पुढील अद्यतनात तो मूळ पदावर येतो. तो टिकविण्यासाठी ‘डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड’मध्ये त्याची नोंद करावी लागते.

स्वयंचलित कामाची मांडणी : प्रत्येक व्यवस्थापक नेहमी एकाच वापरकर्त्याच्या नावाने चालवावा. ‘रूट’चे अधिकार लागत असल्यास काम ‘रूट’च्याच ‘क्रॉन’ वेळापत्रकात ठेवावे, अथवा ‘सुडो’ची सवलत त्या एकाच आज्ञेपुरती द्यावी. ‘रूट’ म्हणून चालणारी आज्ञा-फाइल ‘रूट’च्याच मालकीची असावी व तिच्यावर आणि तिच्या निर्देशिकेवर इतरांस लेखनाधिकार नसावा, अन्यथा तीत एक ओळ घालणारा कोणीही संपूर्ण संगणकाचा स्वामी होतो. अद्यतनाचा निकाल नोंदवहीत लिहिला जावा व अपयशाची सूचना व्यवस्थापकास मिळावी. तसे नसल्यास परवान्यातील एका चुकीमुळे सुरक्षाविषयक सुधारणा महिनोन्महिने थांबतात आणि संगणक वरकरणी सुरळीत चालत असल्याने ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.